पुस्तकाला वय विचारणारे

मुलांच्या एखाद्या अद्भुत कादंबरीवर चित्रपट किंवा मालिका येणार अशी बातमी आली की एक ठरलेला वाद पुन्हा उभा राहतो. 2023 मध्ये हॅरी पॉटरच्या नव्या मालिकेची घोषणा झाली तेव्हाही तो झाला, पुढच्या घोषणेला पुन्हा होईल. एका बाजूचं म्हणणं, पोटापाण्याला लागलेल्या, संसार करणाऱ्या माणसांनी जादूच्या छड्या आणि बोलणारे सिंह यांत रमावं हे शोभत नाही. वाचायला जगात दुसरं काही उरलं नाही का? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आम्हाला मजा येते, तुमच्या पोटात का दुखतं? मग एकीकडून 'बालिश', दुसरीकडून 'शिष्ट' असे शब्द भिरकावले जातात आणि चार दिवसांनी सगळे दमून गप्प होतात. या गदारोळात एखाद्या पुस्तकाचं एखादं पान कोणी उघडून दाखवलं, असं क्वचितच घडतं.

माझी बाजू आधीच मांडलेली बरी. मोठ्यांनी ही पुस्तकं वाचावीत, त्यांत खुशाल रमावं. फक्त ती मोठ्या माणसासारखी वाचावीत. इतर कुठल्याही कादंबरीला आपण जो कस लावतो तोच इथेही लावावा, आणि चित्रपट पाहून पुस्तकाविषयी मत बनवू नये. 'मुलांचं आहे' म्हणून न वाचताच मोडीत काढणारा आणि 'मुलांचं तर आहे, एवढं काय बघायचं' म्हणून सगळं पोटात घालणारा हे एकमेकांचे विरोधक वाटतात खरे, पण दोघांनी एकच काम टाळलेलं असतं. दोघंही पुस्तकाला फक्त त्याचं वय विचारतात.

हे वय ठरवतं कोण? पंचतंत्र आज मोठ्या टायपात, रंगीत चित्रांसकट मुलांच्या कपाटात असतं. त्याच्या पहिल्याच तंत्रात, मित्रभेदात, काय घडतं? दमनक नावाचा कोल्हा दोन्हीकडे कान भरून पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री मोडतो. निरपराध संजीवक मारला जातो, सिंह हळहळतो, आणि दमनक त्याची समजूत काढून मंत्रिपदावर बसतो. खलनायकाला शिक्षा होत नाही, पद मिळतं. उद्या सत्ता हाती घेणाऱ्या राजपुत्रांना दिलेला तो राजनीतीचा कडू पाठ आहे. पुढे सहाव्या शतकात हे पुस्तक पहलवी, म्हणजे जुन्या इराणी, भाषेत गेलं आणि तिथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत नेलं. या अरबी पुस्तकात एक जादा प्रकरण आहे: कोल्ह्यावर रीतसर खटला चालतो आणि त्याला देहदंड होतो. दुष्ट मोकळा सुटलेला पाहवला नाही, तो मोठ्यांनाच. तेव्हा एका रूपातून दुसऱ्या रूपात नेताना कथेची धार बोथट करण्याची खोड काही चित्रपटवाल्यांनी शोधलेली नाही.

युरोपातही तीच कथा. फ्रेंच लेखक पेरोच्या 1697 च्या संग्रहातल्या परीकथा ज्या वळणाच्या आहेत, ते वळण पॅरिसच्या दिवाणखान्यांत, शिकल्यासवरल्या सरदारी स्त्रीपुरुषांच्या बैठकींत घडलं. ग्रिम बंधूंच्या 1812 च्या पहिल्या आवृत्तीत चित्रं नव्हती, विद्वत्तापूर्ण टिपा होत्या. मुलांचे आईबाप गिऱ्हाईक म्हणून समोर आले तशी काटछाट सुरू झाली. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. पुढच्या आवृत्तीत ती सावत्र झाली. मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल आधी भाबडेपणाने विचारते की माझे कपडे हल्ली घट्ट का होतात. नंतर हे वाक्य गेलं. चित्रांची, पन्नास कथांची छोटी आवृत्ती आली ती 1825 मध्ये. गलिव्हरच्या प्रवासांचं तर विचारूच नका. 1726 चं ते जहरी उपहासाचं पुस्तक; त्यातले बुटके आणि राक्षस तेवढे ठेवून, माणूसजातीवरचा राग जिथे खरा उफाळतो तो शेवटचा भाग छाटून आपण ते मुलांच्या हाती दिलं. 'हॉबिट'चा लेखक टोल्किन याने 1939 च्या आपल्या व्याख्यानात हेच सांगितलं होतं: जुनं, फॅशन गेलेलं फर्निचर जसं मुलांच्या खोलीत ढकलतात तशा परीकथा तिकडे गेल्या, मोठ्यांना नकोशा झाल्या म्हणून. मुलांनी त्या मागून घेतल्या नव्हत्या. आणि आपल्याकडे तर नाट्यशास्त्राने अद्भुताला रसांच्या यादीत शृंगार-करुणांच्या पंक्तीत बसवलं, विस्मय हा त्याचा स्थायीभाव सांगितला, नाटकाच्या शेवटाला अद्भुत असावं असंही म्हटलं. तिथे प्रेक्षकाच्या वयाची अट कुठे आहे?

मात्र एवढा इतिहास सांगून वाद जिंकल्याचा आव आणणं खोटं ठरेल, आणि समर्थक नेमकं तेच करतात. पंचतंत्र मोठ्यांचं होतं म्हणून दहा वर्षांच्या मुलांसाठी मुद्दाम बेतलेली, खेळण्यांसकट विकली जाणारी आजची मालिका आपोआप मोठ्यांची होत नाही. वंशावळ चांगली असली म्हणजे माणूस चांगला असतोच असं नाही. त्यामुळे आक्षेप घेणाऱ्यांचं उत्तम म्हणणं काय आहे ते नीट ऐकलं पाहिजे, आणि ते बहुतेकांना ऐकीव माहितीवरच ठाऊक असतं.

अमेरिकी समीक्षक हॅरॉल्ड ब्लूमने जुलै 2000 मध्ये हॅरी पॉटरवर झोड उठवली, इंग्रज कादंबरीकार ए. एस. बायटने 2003 मध्ये. समर्थकांच्या लेखी हे दोन कडवट म्हाताऱ्यांचे फूत्कार. प्रत्यक्षात ब्लूमची तक्रार भाषेची होती: पात्रांनी पाय मोकळे करायला जाण्यासारखे घासून गुळगुळीत झालेले शब्दप्रयोग पानोपानी येतात, आणि अशा भाषेवर पोसलेला वाचक पुढे अवघड पुस्तकाकडे वळेल ही आशा फोल आहे. हाच ब्लूम पुढच्याच वर्षी, 2001 मध्ये, अतिशय हुशार मुलांसाठी म्हणून कथा-कवितांचा जाडजूड संग्रह काढतो. अ‍ॅलिस इन वंडरलँडसाठी तर तो जीव टाकतो. बायटने मुलांसाठी अद्भुत कादंबऱ्या लिहिणाऱ्या अर्सुला ले ग्विन, अ‍ॅलन गार्नर, सुझन कूपर यांचं कौतुक करूनच लिहिलं होतं: त्यांच्या अद्भुतात खरं गूढ आहे, अनोळखी जंगलाची भीती आहे, पॉटरमध्ये मात्र इकडून तिकडून गोळा केलेल्या ठिगळांची गोधडी आहे आणि मोठ्यांना ती आवडते कारण ती ऊब देते. हा आक्षेप मुलांच्या पुस्तकांवर नाही, एका पुस्तकावर आहे. पटो वा न पटो, तो पुस्तक वाचून घेतलेला आहे. 'मुलांचं वाचणाऱ्या मोठ्यांना लाज वाटली पाहिजे' असं आज जे सरसकट ठोकून दिलं जातं, त्याला या दोघांचा दाखला देणं म्हणजे त्यांना न विचारता साक्षीला उभं करणं.

याच काळातली एक घटना मला फार बोलकी वाटते. ब्रिटनमधल्या 1999 च्या व्हिटब्रेड साहित्य पुरस्कारात 'वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक' ठरवताना अखेरची चुरस झाली ती हॅरी पॉटरचा तिसरा भाग आणि कवी शेमस हीनीने केलेलं 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्याचं भाषांतर यांच्यात. हीनी जिंकला, पॉटरला मुलांच्या विभागातलं बक्षीस मिळालं. गंभीर साहित्याची लाज राखली गेली म्हणून अनेकांनी सुस्कारा सोडला. पण बेओवुल्फमध्ये आहे काय? रात्री दरबारात शिरून माणसं खाणारा ग्रेंडेल, तळ्याच्या तळाशी राहणारी त्याची आई, आणि शेवटी एक पेला चोरीला गेल्यामुळे खवळलेला, खजिन्यावर वेटोळं घालून बसणारा ड्रॅगन. कित्येक दशकं पंडितांनाही याचाच संकोच होता. इतकं भारदस्त काव्य आणि मध्यभागी राक्षस! खरा ऐवज कडेच्या ऐतिहासिक उल्लेखांत आहे, असं ते मानत. 1936 मध्ये टोल्किनने त्यांना सुनावलं की राक्षस हाच या काव्याचा गाभा आहे, हरणारच अशा लढाईला माणूस कसा सामोरा जातो हे सांगायला त्यांच्याखेरीज चालणार नाही. हजार वर्षं जुना ड्रॅगन अभ्यासक्रमात चालतो आणि कालचा ड्रॅगन पोरखेळ ठरतो, तेव्हा अडचण ड्रॅगनची नसते. बेओवुल्फ श्रेष्ठ आहे ते त्याच्या घडणीमुळे. मग आजच्या पुस्तकाचीही घडणच तपासायला हवी.

आता पलायनवाद. हा सगळ्यात जुना आरोप आणि त्यात तथ्यही आहे. दिवसभराचा शीण घालवायला त्याच त्या जगात शंभरदा परतणारे, दुसरं काही न वाचणारे मोठे वाचक आहेतच; वाचायला वेळ मोजका असतो आणि तो एकाच गोड गुंगीत घालवणं नुकसानीचं आहे, हे मान्य. पण हा आरोप ज्यांच्यावर होतो त्या पुस्तकांनी त्याचा विचार केलेलाच नाही, असं समजणं हे न वाचल्याचं लक्षण आहे. जर्मन लेखक मिखाएल एंडेची 1979 ची 'न संपणारी गोष्ट' घ्या. अ ते झेड अशा अक्षरांनी सुरू होणारी सव्वीस प्रकरणं. जर्मन आवृत्तीत आपल्या जगातला मजकूर एका रंगाच्या शाईत, कल्पनाराज्यातला दुसऱ्या. आई गेलेला, शाळेत मार खाणारा, जाडा बास्तियन एक पुस्तक चोरतो, शाळेच्या माळ्यावर लपून वाचतो, आणि अर्ध्या वाटेवर त्या पुस्तकातच शिरतो. इथवर पलायनच आहे. आता खरी गोष्ट सुरू होते. त्याच्या गळ्यात एक पदक आहे, त्यावर लिहिलंय: तुला हवं ते कर. तो देखणा होण्याची इच्छा करतो, होतो. बलवान होण्याची करतो, होतो. मात्र प्रत्येक इच्छेपोटी त्याची घरची एक आठवण पुसली जाते. आपण जाडे होतो हे तो विसरतो, शाळा विसरतो. मित्रावर तलवार उगारण्यापर्यंत त्याची मजल जाते. मग तो एका नगरात पोचतो. तिथे त्याच्या आधी आलेली माणसं आहेत, ज्यांनी सगळ्या आठवणी खर्चून टाकल्या, ज्यांना आता इच्छाही करता येत नाही आणि परतताही येत नाही. एक माकड त्यांच्याकडून अक्षरांचे फासे टाकून घेत असतं. फासे पडतात, शब्द लागत नाहीत, पुन्हा फासे.

कल्पनेच्या नशेवर यापेक्षा धारदार टीका कोणत्या वास्तववादी समीक्षकाने केली आहे? बास्तियन शेवटी सुटतो तो पराक्रमाने नव्हे. अंधाऱ्या खाणीत विसरलेल्या स्वप्नांची चित्रं खणताना त्याला एक चित्र सापडतं: पांढरा कोट घातलेला, हातात दातांची कवळी धरलेला, बर्फात गोठलेला माणूस. तो त्याचा बाप, दातांचा कारागीर. त्याला आता ओळख पटत नाही, नुसती ओढ वाटते, आणि ती ओढ त्याला घरी आणते. परतल्यावर तो दुकानदाराकडे जाऊन चोरीची कबुली देतो.

आणि 1984 चा चित्रपट? तो पुस्तकाच्या साधारण मध्यावर संपतो. पुढचा सगळा हिशोब, आठवणींची किंमत, ते नगर, ती खाण, काही नाही. त्याऐवजी बास्तियन ड्रॅगनवर बसून आपल्या शहरात येतो आणि छळणाऱ्या पोरांना पळवून लावतो. म्हणजे पुस्तक ज्या इच्छापूर्तीचा पंचनामा करतं, तिचाच चित्रपटाने जल्लोष केला. एंडे इतका भडकला की तो कोर्टात गेला. खटला हरला, पण सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून आपलं नाव त्याने काढायला लावलं. हा चित्रपट पाहून 'नुसतं स्वप्नरंजन' म्हणणारा माणूस चित्रपटाबद्दल बरोबर आहे, पुस्तकाबद्दल साफ चूक. आपल्या वादातली निम्मी भांडणं या गफलतीची असतात.

याच्या उलट दिशेचा घोटाळा 'विझर्ड ऑफ ओझ'चा. 1900 च्या पुस्तकात डोरोथी ही शेतावरची मुलगी खरोखरच ओझ या जादूनगरीला जाते; ती परतते तेव्हा शेतावर नवं घर उभं असतं, कारण जुनं वादळात खरंच उडून गेलेलं असतं. 1939 च्या चित्रपटात ती अंथरुणात जागी होते आणि कळतं की ते स्वप्न होतं. चंदेरी बूट लाल झाले ते नव्या रंगतंत्राचा थाट दाखवायला. ते समजू शकतं. स्वप्न मात्र कशाला? मोठ्या प्रेक्षकाला अद्भुताची सबब हवी असते म्हणून, दुसरं कारण मला दिसत नाही. ते खरं नव्हतं, असं शेवटी सांगितलं की तो निर्धास्त होतो. मूळ मालिकेत पुढे काय होतं ते माहीत असलेले फार थोडे: सहाव्या पुस्तकात कर्ज फेडता न आल्याने काका-काकूंचं शेत जप्त व्हायची वेळ येते, आणि डोरोथी त्यांना कायमचं ओझला नेते. गहाणखत आणि जादूनगरी एकाच पुस्तकात सुखाने नांदतात. स्वप्नाची सारवासारव मुलाने मागितलेली नाही.

तिसरा आक्षेप नीतीचा: इथे सगळं काळंपांढरं असतं, दुष्ट बाहेर असतो, त्याला मारलं की प्रश्न सुटला, आणि मोठ्यांनी अशा जगात राहू लागणं धोक्याचं. धोका खराच आहे. पण ले ग्विनच्या 1968 च्या 'अर्थसी'च्या पहिल्या पुस्तकात काय आहे? गेड नावाचा हुशार, गर्विष्ठ मुलगा, वर्गमित्राशी पैज मारून मृतात्म्याला बोलावतो आणि त्या फटीतून एक सावली जगात शिरते. ती त्याचा चेहरा विद्रूप करते, त्याला वाचवताना गुरुकुलाचे प्रमुख मरतात. आधी तो तिच्यापासून पळतो, मग उलट फिरून तिचा पाठलाग करतो, आणि समुद्राच्या टोकाला तिला नावाने हाक मारतो. ते नाव त्याचं स्वतःचंच असतं. तो तिला मारत नाही, कवेत घेतो. जादूला इथे हिशोब आहे: एका बेटावर पाऊस पाडला तर दुसरीकडे अवर्षण पडू शकतं, म्हणून जाणते जादूगार शक्यतो जादू करतच नाहीत. याच मालिकेवर जपानमध्ये 2006 साली अ‍ॅनिमेशनपट निघाला तेव्हा ले ग्विनने नेमकं बोट ठेवलं: इथे वाईटपणा सोयीस्करपणे एका खलनायकात काढून ठेवलाय, त्याला मारलं की सगळं संपतं. त्याआधी 2004 च्या अमेरिकी टीव्ही मालिकेने तिच्या तांबूस-सावळ्या नायकाला गोरा करून टाकलं, त्यावरही तिने जाहीरपणे लिहिलं. मग काळंपांढरं करणारं कोण, मुलांसाठी लिहिणारी ही बाई, की तिच्या पुस्तकांवर 'सर्वांसाठी' मनोरंजन बनवणारे?

म्हणजे सगळे चित्रपट वाईट, असं मुळीच नाही, आणि 'पुस्तकात होतं ते का गाळलं' हा भक्तांचा ठराविक हंबरडाही मला तितकाच कंटाळवाणा वाटतो. पटकथेचं एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालतं. गाळणं भागच असतं. हॅरी पॉटरच्या दुसऱ्या पुस्तकाची मूळ ब्रिटिश आवृत्ती 251 पानांची, चित्रपट 161 मिनिटांचा. पाचवं पुस्तक 766 पानांचं, चित्रपट 138 मिनिटांचा. तिप्पट पुस्तक, आणि चित्रपट उलट आखूड. तरीही पाचवा दुसऱ्यापेक्षा कमी सुसूत्र वाटत नाही, कारण दुसरा प्रसंगामागून प्रसंग हजेरी घेत जातो. प्रश्न किती गाळलं याचा नसून त्या गाळण्याने कारण-परिणामाची कडी तुटते का, याचा असतो. तिसऱ्या चित्रपटात ती तुटली आहे. जादूचा नकाशा कोणी बनवला हे तो सांगतच नाही. त्यामुळे प्राध्यापक लुपिनला नकाशा कसा वापरायचा हे कसं ठाऊक, आणि हॅरीचं रक्षक-रूप हरिणाचंच का, या दोन्ही गोष्टी पुस्तक न वाचलेल्याला अधांतरी राहतात. हॅरीचा बाप हरिणाचं रूप घ्यायचा, ही एक ओळ घातली असती तर काम भागलं असतं. आणि तरी दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोनचा हाच चित्रपट मला त्या सगळ्यांत सरस वाटतो, कारण ऋतू, घड्याळं, कॅमेऱ्याची चाल यांतून काळ सरकल्याची जाणीव तो देतो, आणि गोष्टच काळ उलटा फिरवण्याची आहे. चित्रपटाला चित्रपटाचा कस लावावा तो असा.

खरी वाट लागते ती मोठ्यांना मुलांच्या पुस्तकाची लाज वाटते तेव्हा. 'हॉबिट' 1937 चं, तीनशेच्या आसपास पानांचं, मध्येच वाचकाशी गप्पा मारणाऱ्या निवेदकाचं पुस्तक. त्याचे तीन चित्रपट झाले, 2012 ते 2014, मिळून 474 मिनिटांचे, जवळजवळ आठ तास. पिंपांचा प्रसंग पाहा. पुस्तकात नायक बिल्बो आपल्या तेरा बुटक्या सोबत्यांना कैदेतून सोडवण्यासाठी रिकाम्या पिंपांत घालतो, गवत कोंबतो, झाकणं ठोकून बसवतो, आणि सगळं झाल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपल्याला पिंपात घालून झाकण लावायला कोणी उरलेलंच नाही. मग तो एका पिंपाला मिठी मारून, गटांगळ्या खात, थंड पाण्यात रात्र काढतो. पुढे त्याला अशी सर्दी होते की मेजवानीत आभार मानतानाही त्याचं नाक बोलतं. विनोदही इथे आहे आणि धैर्यही इथेच आहे: युक्ती करणाऱ्याची स्वतःचीच सोय राहून गेली, आणि तरी त्याने ती पार पाडली. चित्रपटात पिंपं उघडी आहेत, काठावरून ओर्क नावाचे राक्षस हल्ला करतात, बुटके वाहत्या पाण्यात कुऱ्हाडी फेकतात. बराच वेळ धुमश्चक्री चालते आणि बिल्बोची ती फजिती वाहून जाते. शेवटच्या लढाईचंही तसंच. पुस्तकात बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो आणि बहुतेक लढाई तो बेशुद्धावस्थेत काढतो; चित्रपटाने तिच्यासाठी अख्खा तिसरा भाग खर्ची घातला. हा मोह लेखकालाही सुटला नव्हता. 1960 मध्ये टोल्किनने 'हॉबिट' आपल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या मोठ्या कादंबरीच्या गंभीर सुरात नव्याने लिहायला घेतलं आणि काही प्रकरणांतच सोडून दिलं; छान आहे पण हे 'हॉबिट' नव्हे, असा अभिप्राय त्याला मिळाला होता. तो त्याने ऐकला.

आता समर्थकांकडे वळतो, कारण 'मजा येते, बस' या उत्तराने त्यांनी आपलीच बाजू लंगडी केली आहे. मोठा वाचक मोठ्यासारखं वाचतो तेव्हा काय होतं याची उदाहरणं आहेत. रोआल्ड डालच्या 'चार्ली'च्या चॉकलेट कारखान्यातले ऊम्पा-लूम्पा हे कामगार 1964 च्या पहिल्या आवृत्तीत आफ्रिकेतून खोक्यांत भरून आणलेले, कोकोच्या बियांवर राबणारे काळे बुटके होते. मुलांची तक्रार नव्हती. मोठ्यांनी आवाज उठवला, आणि 1973 च्या आवृत्तीत लेखकाने ते बदलले. सी. एस. लुईसच्या नार्निया मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात, मूळ चार भावंडांतल्या सुझनला त्या जादूच्या जगाबाहेर ठेवलं जातं, कारण तिला आता लिपस्टिक, मोजे आणि निमंत्रणं यांतच रस आहे. तिचं सगळं कुटुंब नुकतंच रेल्वे अपघातात गेलंय आणि मागे एकटी उरलेल्या या मुलीबद्दल पुस्तक दोन सहानुभूतीचे शब्द काढत नाही. दहाव्या वर्षी हे नजरेतून सुटतं. तिसाव्या वर्षी खटकलं नाही तर वाचणाऱ्याचंच काहीतरी चुकतंय. हॅरी पॉटरमधले घरकामे बटू गुलामीत आनंदी आहेत, आणि त्यांच्या मुक्तीसाठी धडपडणारी हर्मायनी बराच काळ चेष्टेचा विषय आहे. तिची ती चळवळ चित्रपटांनी पुरती गाळून टाकली, त्यामुळे अवघड प्रश्न पुसला गेला आणि पुस्तकावर प्रेम करणाऱ्यांनाही विषय टाळायला आयती वाट मिळाली. ज्या पुस्तकाने आपल्याला घडवलं म्हणता, त्याला हे प्रश्न विचारायचे नाहीत तर कोणाला विचारायचे?

एक आक्षेप मात्र मला पूर्णपणे खोडता येत नाही, आणि नवल म्हणजे तो फारसा कोणी घेत नाही. मोठे मुलांच्या कपाटाशी आले की ते कपाट मोठ्यांच्या सोयीने लावलं जातं. 1998 मध्ये ब्लूम्सबरी या प्रकाशकाने हॅरी पॉटरची मोठ्यांसाठी वेगळ्या मुखपृष्ठाची आवृत्ती काढली. आतला मजकूर स्वल्पविरामासकट तोच, फक्त चारचौघांत हातात धरायला संकोच वाटू नये म्हणून बाहेर काळंपांढरं छायाचित्र. ते निरुपद्रवी. जुलै 2000 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने खपाच्या यादीतून मुलांची पुस्तकं वेगळी काढली, कारण या मालिकेच्या आधीच्या तीन भागांनी तिथे ठाण मांडलं होतं, चौथा दाराशी होता, आणि मोठ्यांच्या पुस्तकांच्या प्रकाशकांना जागा हवी होती. तेही एक वेळ सोडून देऊ. पण पैसा मोठ्या प्रेक्षकाकडून येतो हे एकदा कळल्यावर चित्रपट अधिक काळोखे, अधिक लांब होत जातात, आणि ज्याच्यासाठी मूळ पुस्तक लिहिलं तो आठ वर्षांचा प्रेक्षक दाराबाहेर राहतो. जे मोठे या जगात रमतात त्यांनी हे स्वतःच्या अंगाला लावून घ्यायला हवं. 'अधिक प्रौढ' हे रूपांतराचं कौतुक समजणं आधी बंद करावं, आणि आठवणीतल्या आपल्या बालपणाशी पडदा ताडून पाहण्यापेक्षा शेजारी बसलेलं मूल काय पाहतंय तिकडे लक्ष द्यावं.

मुलांना काय झेपतं याचे मोठ्यांचे अंदाज फारसे भरवशाचे नाहीत. फिलिप पुलमनच्या मालिकेचं पहिलं पुस्तक 1995 चं. शेवटच्या प्रकरणांत त्याची नायिका, लायरा नावाची मुलगी, जिवावर उदार होऊन आपल्या मित्राला, रॉजरला, सोडवते आणि बापापर्यंत घेऊन जाते. बापाला दुसऱ्या जगाचं दार उघडायला एका मुलाचा बळी हवा असतो. तो रॉजरचा जातो. आपणच त्याला तिथे आणलं हे ओझं घेऊन ती पुढे चालते. 2007 च्या चित्रपटासाठी हा शेवट चित्रित झाला होता. मग चित्रपट आशादायक वळणावर संपावा म्हणून तो कापला, पुढच्या भागात घेऊ म्हणाले, आणि पुढचा भाग कधी आलाच नाही. लायरा आणि रॉजर आकाशात उडत, हसत राहिले. पडद्यावर रॉजर मेला तो थेट 2019 च्या टीव्ही मालिकेत. मधल्या काळात तो शेवट लाखो मुलांनी पुस्तकात वाचला, आणि दुसरा भाग मागायला ती ग्रंथालयात गेली. पुलमनच्या या पुस्तकमालिकेतल्या तिसऱ्या पुस्तकाला 2001 चा व्हिटब्रेड सर्वोत्तम पुस्तक पुरस्कार मिळाला, दोन वर्षांपूर्वी पॉटरच्या हातून निसटलेला तोच. मुलांच्या पुस्तकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.